सरांचा थकवा मी मोजला होता

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना थकवा नाही, असं मी एकदा हेडमास्तरांना सांगितलं. सांगताना मला माहीत होतं की सर थकलेले आहेत. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला गंभीर स्वभाव म्हणतात. म्हणोत. त्या गंभीरपणातला किती भाग स्वभावाचा आणि किती या गोष्टीचा, ते माझं मला ठाऊक आहे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी खामगावच्या एका हायस्कुलात नवा लागलो होतो. बी.एस्सी. झालो, मग शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि त्यापुढच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहायला घेतला होता. विषय होता शाळकरी मुलांचा बौद्धिक थकवा. हा विषय मी निवडला नव्हता, आमच्या प्राध्यापकांनी दिला होता. पण हातात आल्यावर मला तो भलताच आवडला. ताप जसा मोजता येतो तसा थकवाही मोजता येतो, ही कल्पनाच मला त्या वयात फार मोठी वाटायची.

मोजायच्या रीती साध्या होत्या. छापलेल्या उताऱ्यातला प्रत्येक 'क' ठरलेल्या वेळात खोडायचा. किती खोडले, किती सुटले, ते बघायचं. दुसरी रीत बेरजांची. एका अंकाखाली एक अंक, नुसत्या बेरजा करत जायचं, मी 'थांबा' म्हणेपर्यंत. तिसरी रीत कर्कटकाची. माणसानं डोळे मिटायचे, आणि त्याच्या हातावर कर्कटकाची दोन टोकं हलकी टेकवायची. ताज्या माणसाला दोन टोकं दोन लागतात. थकलेल्याला तीच एक लागतात, असं पुस्तकात होतं. चौथी नाडी. ती मी माझ्या मनगटी घड्याळावर मोजायचो. शाळा सुरू होताना एकदा आणि सुटताना एकदा असं सगळं करून बघायचं, आणि मधला फरक म्हणजे थकवा.

आणखी एक रीत होती, ती म्हणजे त्या माणसालाच विचारायचं. पण ती आमच्यात फारशी मानाची नव्हती. माणूस स्वतःबद्दल खरं सांगेलच असं नाही, असं प्राध्यापक म्हणायचे. मलाही ते पटायचं.

शाळेत पोरं फार वाढली होती आणि वर्ग कमी, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरायची. सकाळची पाळी सुटली की डबा खायला मिळे इतकीच उसंत, आणि लगेच दुपारची. बाकी आम्ही सगळे एकाच पाळीचे. गणिताचे सर मात्र दोन्ही पाळ्यांत. दुसरे गणिताचे मास्तर अकोल्याला गेले, आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पहिल्या वर्षी सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, "दुपारची पाळी माझ्याकडून काढून घ्या. डोकं चालेना झालं."

सर मूळचे जानेफळचे. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, टोपी घालायचे. पावकी-निमकी, सवायकी-दिडकीचे पाढे तोंडपाठ करून घेणाऱ्या जुन्या शाळेत शिकून मग इंग्रजी शाळेत आलेले. मॅट्रिकच्या वर्गात त्यांचं गणित म्हणजे गावात नाव होतं. आसपासच्या गावांतले लोक मुलांना खामगावात खोली करून ठेवत, ती या सरांसाठी.

हेडमास्तर त्यांना शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोरच म्हणाले, "सर, थकवा कुणाला नाही? मलाही आहे. मग शाळा कुलूप लावून ठेवायची का?"

ड्रॉइंगचे मास्तर खिडकीशी पेन्सिली तासत बसले होते. ते म्हणाले, "लावा न कुलूप. मी तं तयारच हाओ."

सगळे हसले. सरही हसले. मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही तर थकवा मोजता म्हणे. मोजा बरं यांचा. निघाला तर दुपारची पाळी तुमच्याकडे देतो. बी.एस्सी.ला गणित होतंच तुम्हाला."

खोलीत पुन्हा हशा पिकला. मी हसलो नाही. दुपारची पाळी माझ्याकडे आली असती तर प्रबंध रखडला असता. माझ्या दुपारी मोकळ्या होत्या म्हणूनच तर पोरांच्या तपासण्या मला जमत होत्या. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी मान डोलावली. हेडमास्तरांना मात्र वाटलं असेल, पोरगा आनंदानं हो म्हणतोय.

सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मोजा हो मास्तर. मले काई हरकत नाई. उलट बरंच झालं, कोणी तरी मोजून सांगीन."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणजे माझ्या शास्त्रावर. गणिताचा माणूस, आकड्यात आलं की खरं, असं त्यांनाही वाटत होतं.

त्याच आठवड्यात मी ड्रॉइंगच्या मास्तरांवर सराव करून घेतला. माझ्या प्रबंधात मोठी माणसं नव्हतीच, पोरंच होती. मोठ्यांच्या हाताची कातडी वेगळी, म्हणून आधी बघून घ्यावं असं वाटलं. दुपारचा त्यांचा तास मोकळा होता आणि ते नकाशाच्या खोलीत मस्त झोपून उठले होते. त्यांना डोळे मिटायला लावून मी कर्कटक टेकवलं. दोन टोकं मी बरीच लांब केली तरी ते म्हणत राहिले, "एकच हाय. एकच हाय." पुस्तकाच्या हिशेबानं त्यांच्याइतका थकलेला माणूस शाळेत दुसरा नव्हता.

मी ते सांगताच त्यांनी टेबलावर थाप मारली. "आता मी झोपून उठलो न बे! आन तुह्या कंपासनं मले थकेल ठरवलं? माह्या बायकोले सांगजो हे. ते म्हन्ते तुमी काईच करत नाई."

मी पण हसलो. पण घरी आल्यावर मी स्वतःच्या डाव्या हातावर कर्कटक टेकवून पाहिलं. एकदा जे आलं ते थोड्या वेळानं पुन्हा आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिसरंच आलं. नाडीचंही तेच; चहा घेतला की एक, जिना चढलो की दुसरी. खामगावात त्या दिवसांत कापसाचा हंगाम जोरात. जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा वाजला तरी नाडी हलायची. एकाच माणसाची, एकाच अवस्थेत दोनदा घेतलेली मापं जुळत नसतील, तर सकाळ-संध्याकाळच्या फरकाला अर्थ काय? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पडला नव्हता असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

सरांची तपासणी मी आठवडाभर केली. सकाळी पहिल्या तासाआधी आणि संध्याकाळी पोरं गेल्यावर, प्रयोगशाळेत. सर येऊन बाकावर बसायचे, टोपी काढून बाजूला ठेवायचे, फाउंटन पेनचं टोपण काढायचे आणि म्हणायचे, "हं. म्हणा सुरू."

मग बेरजा. आकड्यांवरून त्यांचं पेन असं चालायचं की मला घड्याळाकडे बघायचं भान राहायचं नाही. चूक एक नाही. संध्याकाळी सकाळपेक्षा जास्त बेरजा! दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. 'क' खोडतानाही तसंच. एक सुटला नाही. मी 'थांबा' म्हटलं की पेन जिथे असेल तिथे उचलायचे; अर्धा आकडासुद्धा पुरा करायचे नाहीत. कुणी कॉपी केली म्हणू नये अशा शिस्तीनं.

ती शिस्त बघताना माझ्या लक्षात आलं होतं की हा माणूस तपासणीला बसलेला नाही, परीक्षेला बसलेला आहे. आम्ही मास्तर लोक. समोर वेळ लावून कागद आला की आम्ही पास व्हायलाच बसतो. आयुष्यभर दुसरं काय केलं? त्यातून हा गणिताचा मास्तर, आणि समोर घड्याळ घेऊन बसलेला मुलाच्या वयाचा पोरगा. बेरजेत चुकायचं त्यांना शक्यच नव्हतं. अंगात ताप असता तरी ते चुकले नसते. शिवाय त्या बेरजा त्यांच्या डोक्यानं होतच नव्हत्या. लहानपणी घोटून घेतलेलं तोंड आणि हात त्या करत होते. मी थकवा मोजायला नेमकी तीच जागा शोधली होती जिथे थकवा पोचतच नाही. थकवा मोजायला परीक्षा घ्यायची, आणि तीही मास्तराची, हे शाळेतल्या लोकांनाच सुचू जाणे.

एका संध्याकाळी तपासणी झाल्यावर मी कागद गोळा करत होतो. सर व्हरांड्यातल्या माठाकडे गेले. पेला बुडवून पाणी घेतलं आणि तसाच हातात धरून उभे राहिले. पुष्कळ वेळ. मग ते पाणी त्यांनी परत माठात ओतलं, झाकण ठेवलं, पेला पालथा घातला आणि न पिताच निघून गेले. मी हे खिडकीतून पाहिलं. माझ्या हातातल्या कागदांवर त्या दिवशीचा आकडा आठवड्यातला सगळ्यात चांगला होता.

शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

ते टोपी घालत म्हणाले, "खरं सांगू का मास्तर? दुपारच्या पाळीत मी बोलून राह्यलो असतो, आन मलेच माहा आवाज बाजूच्या वर्गातून येल्यावानी वाटते. फळ्यावर लिव्हलेलं माह्याच अक्षरातलं असते, पन ते काऊन लिव्हलं ते आठवत नाई. घरी गेलो की कोणी बोललं तं रडू येते. हे तुमच्या मापात बसते का?"

मी म्हणालो, "त्यासाठी वेगळी रीत असते सर. ती तितकी भरवशाची मानत नाहीत."

"नाई मानत?" ते म्हणाले. "बरं."

हेडमास्तरांच्या खोलीत मी एवढंच सांगितलं की तपासणीत थकवा दिसत नाही. कर्कटकाबद्दल बोललो नाही. माझी स्वतःची मापं जुळत नाहीत हे बोललो नाही. माठाबद्दल, त्यांच्या बोलण्याबद्दल, काही नाही. 'दिसत नाही' आणि 'नाही' यांच्यातलं अंतर मला कळत होतं. हेडमास्तरांना ते कळणार नाही, हेही कळत होतं. त्यांनी मान हलवली. "म्हणजे नाही. झालं तर मग." सर बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते विचारात पडल्यासारखे दिसत होते, जणू उत्तर चुकलंय की आपली रीत चुकलीय ते मनात ताळून बघताहेत.

संक्रांत झाल्यावर केव्हातरी, दुपारच्या मॅट्रिकच्या वर्गात सर फळ्यापाशी थांबले. उदाहरण अर्धं झालं होतं. ते वळून मुलांना म्हणाले, "आपण काय करून राह्यलो होतो?" मुलांना गंमत वाटली. पुढच्या बाकावरच्या एकानं सांगितलं. सर पुन्हा फळ्याकडे वळले, पुन्हा थांबले, पुन्हा तेच विचारलं. तेव्हा वर्ग मोठ्यानं हसला. सर खडू ठेवून चौथऱ्याच्या कडेला बसले. शेजारच्या वर्गात मी पोरांच्या तपासण्या घेत होतो; आवाज ऐकून आलो तेव्हा मुलं गप्प होती आणि सर दोन्ही हात मांडीवर ठेवून हाताकडे बघत होते. मी त्यांना उठवून शिक्षकांच्या खोलीत नेलं. वाटेत ते म्हणाले, "पोरायले सुट्टी द्या. त्यायचा काई कसूर नाई."

यानंतर जे झालं ते माझ्यामुळे झालं. पालकांचं बोलणं संस्थेच्या मंडळींपर्यंत गेलं. मंडळींनी हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की सरांची आम्ही शास्त्रीय तपासणी केली होती, थकवा नव्हता. आता थकवा नाही म्हटल्यावर उरलं काय? बुद्धीच मंदावली, हे उरलं. थकलेल्या माणसाला सुट्टी देतात, आणि तो परत येतो. बुद्धी गेलेल्याला परत कोण बोलावतो? सरांकडून गणित काढून घेतलं. पगार तोच ठेवला, त्यात मंडळींनी मोठेपणा मानला. खालच्या वर्गांची सूतकताई त्यांच्याकडे दिली. मॅट्रिकचा वर्ग शेवटी माझ्याकडेच आला. फक्त तो सकाळच्या पाळीत बसवला, आणि दुपारच्या गणिताला नवीन माणूस नेमला. म्हणजे जो माणूस मिळत नव्हता तो मिळाला.

मे महिन्याच्या सुट्टीत सर जानेफळला जाऊन राहिले. जूनमध्ये परत आले ते चेहऱ्यावर उजेड घेऊन. अंग भरलं होतं. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी मॅट्रिकच्या एका उदाहरणाशी झगडत होतो. सर समोर बसून मुलांच्या टकळ्या नीट करत होते. मी उदाहरण मोठ्यानं वाचलं, त्यांच्यासाठी नव्हे, माझ्याच सवयीनं. त्यांनी टकळीवरची नजर न काढता उत्तर सांगितलं. मी दोन पानं भरून केलं, तेच आलं.

"बरोबर आहे, सर," मी म्हणालो.

"तुमची रीत लांबची आहे," ते म्हणाले. "पोरायले अशी दाखवू नका, भेतीन ते."

ड्रॉइंगचे मास्तर तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच थट्टा न करता म्हणाले, "यायचं डोकं कुठं गेलं होतं बे मग?"

मी पुन्हा वहीत मान घातली. कुठेही गेलं नव्हतं. दमलं होतं, विसावलं, परत आलं. याहून भक्कम पुरावा माझ्या सगळ्या मापांनी मिळून कधी दिला नसता. त्याच दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन एवढं सांगायला हवं होतं. दार उघडंच होतं. पण तोवर प्रबंध पाठवून झाला होता. त्यात सगळी मापं भरवशाची म्हणून मांडली होती, आणि मोठ्या माणसावरचा पडताळा म्हणून नाव न घालता सरांचे आकडे घातले होते. ते आकडे फार सुंदर दिसत होते. आणि मॅट्रिकचा वर्ग मला आवडायला लागला होता. रस्त्यात लोक नमस्कार करत.

प्रबंध मंजूर झाला. पुढे मी त्याच शाळेचा हेडमास्तर झालो. कुणी शिक्षक येऊन थकलो म्हणाला तर मी त्याला बसवतो, ऐकतो आणि जमेल तशी रजा देतो. काही जण खोटं सांगून नेतात. नेऊ देत. पण याला मी प्रायश्चित्त म्हणत नाही, कारण ज्याचं होतं त्याला यातलं काही मिळालेलं नाही.

सर निवृत्त होईपर्यंत सूतकताईच शिकवत राहिले. कधी कुरकुर केली नाही. त्यांच्या मुलांचं सूत सारखं यायचं, तुटायचं कमी. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलत. एकदा मात्र, निवृत्तीच्या सुमारास, सहज म्हणाले, "माहं डोकं तेव्हा गेलंच होतं म्हणा मास्तर. तुमी मोजूनच पाह्यलं होतं." तोवर मला वाटायचं, सर मनातून मला दोष देत असतील. तसं नव्हतं. त्यांनी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला होता आणि स्वतःवरचा काढून घेतला होता. उत्तर ताळून पाहिलं, आणि आपलीच रीत चुकली असं मानून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी जानेफळला गेलो होतो. मांडवात सर भेटले. काठी आली आहे, बाकी तब्येत चांगली. मला शेजारी बसवून घेतलं. वऱ्हाडातला एक तरुण इंजिनिअर पाया पडला आणि विचारू लागला, "सर, तुम्ही खामगावला कोणता विषय शिकवत होता?"

सर म्हणाले, "सूतकताई."

"फक्त सूतकताई?"

"हाव. गणित हे शिकवत," असं म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लय चांगलं शिकवत."

तो तरुण माझ्याही पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला. पंगत उठली, मी जेवलो आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत आलो. मांडवात, त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर असताना, मी बोलू शकलो असतो. बोललो नाही.

सर अजून आहेत, म्हणून हे माझ्याकडे अजून बाकी आहे: जानेफळला जाऊन, त्यांच्या घरच्यांसमोर, त्यांना सांगणं, की त्या वर्षी तुम्ही थकला होतात, तुमची बुद्धी शाबूत होती, तुम्ही स्वतःबद्दल सांगितलेलं खरं होतं आणि माझं माप खोटं होतं, आणि हे मला त्याच वेळी माहीत होतं. त्यानंतर हेच संस्थेच्या मंडळींपुढे सांगणं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.